तीन खाचांचं जहाज

ऐक ना, आधी तो फोन उलटा ठेव, नीट मांडी ठोकून बस, आणि मधे मधे "मग?" "मग?" करू नकोस. मग काय झालं ते मी सांगणारच आहे, सांगितल्याशिवाय मलाच झोप यायची नाही. शेवटी एक प्रश्न विचारेन, त्याचं उत्तर मात्र खरं द्यायचं.

तर आमच्या बिल्डिंगमधले जावईबापू. तू पाहिलंयस त्यांना, जिन्यात बाजूला होऊन सगळ्यांना आधी जाऊ देतात ते. त्यांच्या आईवडिलांनी त्यांचं चांगलं नाव ठेवलंय, पण ते कुणाला ठाऊक नाही. असणार कसं? दारावरची पाटी सासऱ्यांची, वीजबिल सासऱ्यांचं, टपालपेटी सासऱ्यांची. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन ते पहिल्या मजल्यावर बायकोच्या माहेरी राहायला आले आणि त्या दिवसापासून पोस्टमनपासून पाणीवाल्यापर्यंत सगळ्यांचे जावई झाले.

त्यांचे सासरे म्हणजे आमचे कंपाउंडर आजोबा. चाळीस वर्षं एकाच दवाखान्यात त्यांनी औषधं मोजली. त्यांचं ठाम मत, की डॉक्टर नुसते कागदावर गिचमीड करायचे, माणूस बरा व्हायचा तो यांच्या हातातल्या मापानं. असा माणूस जावयाला काय मोजणार? घरी पाहुणे आले की आजोबा ओळख करून द्यायचे, "हे आमच्याकडे असतात." बस. अगं, माणूस फ्रीजबद्दल याहून आपुलकीनं बोलतो! निदान कुठल्या साली घेतला ते तरी सांगतो!

जावईबापू कामाला चष्म्याच्या दुकानात. पुढे काउंटरवर नव्हे, मागच्या खोलीत. भिंग फ्रेममध्ये बसेल अशी त्याची कड घासायची, हे त्यांचं काम. नाजूक काम आहे, केसभर जास्त घासलं की भिंग वाया. पाहुण्यांनी विचारलंच, तर आजोबा दोन शब्दांत सांगायचे, "काच घासतात." आणि बिचारे पाहुणे जावईबापूंच्या हातांकडे बघायचे, भांडी घासणाऱ्याच्या हातांकडे बघावं तसं.

हे सगळं सुरू झालं एका उशीच्या अभ्र्यावरून.

आमच्या बिल्डिंगची मागची बाजू थेट समुद्रावर आहे. भरतीला लाटा भिंतीच्या थोबाडीत मारतात, ओहोटीला खाली खडक आणि गोट्यांचा पट्टा उघडा पडतो. एका रविवारी मागच्या गॅलरीतला अभ्रा वाऱ्यानं उडाला आणि खाली पडला. खाली पडलेली वस्तू आणायची म्हणजे जावई, हे घरात न बोलता ठरलेलं. ते गेले, अभ्रा उचलला, आणि अंगठ्याच्या नखाएवढा एक तपकिरी खडा दिसला म्हणून तोही उचलला. वरून धुरकट, हाताला साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा, पण उजेडात धरला तर आतून पेटल्यासारखा मधाचा रंग.

वर येऊन त्यांनी तो टेबलावर ठेवला. आजोबांनी पेपर खाली घेतला. सहा वर्षांत जावयासाठी पेपर खाली यायची ही पहिली वेळ.

"ही बाटलीची काच," आजोबा म्हणाले. "तपकिरी का माहितीय?"

"नाही, बाबा."

"लोखंड, गंधक आणि कोळसा. काच वितळताना हे तीन पडले की असा रंग येतो. आणि मुद्दाम पाडतात बरं का. ऊन म्हणजे औषधाचा वैरी. बिअर म्हणा, औषध म्हणा, कपडे पांढरे करायचं पाणी म्हणा, जे जे उन्हाला घाबरतं ते ते तपकिरी बाटलीत. पांढऱ्या बाटलीत औषध देणारा कंपाउंडर मी माणसात धरत नाही."

"आणि हे धुरकट कसं झालं?"

"वाळूनं, गोट्यांनी. वर्षानुवर्षं समुद्रानं घासलीय. तुम्ही दुकानात घासता तशी. फक्त तो जास्त चांगली घासतो."

टोमणा होता, पण जावईबापूंना तो गोडच लागला. कारण हे बोलणं चक्क अकरा मिनिटं चाललं. त्यांनी घड्याळ लावलं होतं म्हण ना! याआधीचा विक्रम चार मिनिटांचा, तोसुद्धा गळक्या नळावरून. त्यांनी मनाशी ठरवलं, हीच वाट. या तपकिरी काचेच्या वाटेनं चालत गेलं, तर एक ना एक दिवस बाबा चारचौघांत म्हणतील, हे माझे जावई. आमच्याकडे असतात नव्हे. माझे.

आणि मग काय, वेडच लागलं त्यांना. ओहोटीचं वेळापत्रक दाराच्या मागे चिकटवलं. सकाळी कामावर जायच्या आधी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हा गृहस्थ खडकांवर वाकलेला. हिरवी काच दिसली तर सोडून द्यायची, पांढरी तर बघायचीसुद्धा नाही. फक्त तपकिरी. दुकानातल्या जुन्या चष्म्यांच्या डब्या आणल्या आणि एकेका डबीत एकेक तुकडा, खाली चष्मा पुसायचं मऊ फडकं. बायको एकदा कावली, "अहो, माझे कानातले कुठायत? डबी उघडावी तर आत समुद्र!"

आणि रंग! तुला वाटेल तपकिरी म्हणजे तपकिरी. छे! त्यांच्या मते तपकिरीच्या छटा बावीस. आता त्यांना नावं काय द्यायची? फिकट तपकिरी, मध्यम तपकिरी असं म्हणणं त्यांना अडाणीपणाचं वाटलं. मग त्यांनी स्वतःचं माप काढलं. चहा. ज्या घरी जो चहा मिळतो, तो त्या छटेचं नाव. अगदी फिकट, उजेड आरपार जाणारा तुकडा म्हणजे "दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा चहा". मधासारखा सोनेरी म्हणजे "सासूबाईंचा चहा". गडद लालसर म्हणजे "हेडमास्तरांचा चहा", कारण तिसऱ्या मजल्यावरचे हेडमास्तर चहा असा उकळतात की पावडरीनं कबुलीजबाब द्यावा. आणि जो हातात काळाकुट्ट दिसतो, पण खिडकीशी धरला की आत निखारा दिसतो, तो "दुकानातला चहा". ही नावं त्यांनी सुबक अक्षरात डब्यांवर लिहिली. काकूंना हे कळलं तेव्हा त्या काय म्हणाल्या ते मी सांगणार नाही, तोंडात शोभायचं नाही माझ्या.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण मग सापडल्या खाचा.

एका जाड तुकड्यावर, एकाखाली एक, तीन आडव्या खाचा. आठवड्यात तसा दुसरा तुकडा. मग तिसरा. जावईबापूंनी दुकानातल्या भिंगं मोजायच्या मापानं अंतर मोजलं, तर सगळ्यांवर सारखं! केसाचाही फरक नाही. त्यांच्या अंगावर काटाच आला. ते जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगायला लागले, "हे मशीनचं काम आहे. माणसाच्या हातानं इतकं नेमकं जमणारच नाही. मी काचेतला माणूस आहे, मला विचारा. एकाच मापाच्या, एकाच खुणेच्या इतक्या बाटल्या एकाच जागी? बुडालेलं जहाज! तीन खाचा म्हणजे कप्तानाची खूण! नाहीतर तुम्हीच सांगा काकू, इतक्या बाटल्या कुणी मुद्दाम समुद्रात फेकेल का?"

काकूंना ठसका लागला. चांगला दोन मजले टिकला.

आणि मग बिल्डिंगमध्ये सल्ल्यांची जी साथ आली, विचारू नकोस. काकू दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाल्या, "जावईबापू, तपकिरी रंग सारखा बघू नये. नजर मंदावते. तुम्ही हिरवी काच का नाही गोळा करत? डोळ्यांना थंड." त्यांनी हसून नकार दिला, तर सकाळी दाराशी पिशवी. पिशवीत नुकतीच फोडलेली हिरवी बाटली. लेबल अर्धं चिकटलेलं तसंच! हेडमास्तरांनी तर त्यांना घरी बोलावून, तो कबुलीजबाबवाला चहा पाजून सांगितलं, "इतिहासात काही गोष्टी अज्ञात राहिलेल्याच बऱ्या." कोण म्हणतंय? ज्यानं एकेका सनासाठी चार पिढ्यांचे कान पिळले तो माणूस! आमच्या घरूनही सल्ला गेला, खोटं कशाला बोलू. माझी आई म्हणाली, "पोस्टाची तिकिटं जमवा ना, सुटसुटीत असतात."

जावईबापूंना वाटलं, लोक जळतात. थोर माणसाला वाटावं तसं त्यांना बरंही वाटलं.

त्यांनी खाचांची गोष्ट एकाच माणसापासून लपवली. आजोबांपासून. कारण ते सगळं एकदमच दाखवायचं होतं. वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन, नाव "तपकिरी सागरकाच : उगम आणि रंगछटा", आणि उद्घाटक कोण? सासरे! आजोबांना विचारलं तेव्हा त्यांनी आरशात बघून भांग पाडला आणि म्हणाले, "बघू." त्यांचं बघू म्हणजे हो, हे आजींनी, म्हणजे सासूबाईंनी, समजावलं.

वाचनालयानं हॉल दिला, पण एक अट घातली. किनाऱ्यावरून उचललेली वस्तू आहे, कुणाची हरकत नाही असा कागद आणा.

जावईबापू नगरपालिकेच्या सफाई खात्यात गेले. तिथले साहेब म्हणाले, "कचरा आहे का? कचरा असेल तर आमचा. पण मग त्याची विल्हेवाट लावावी लागेल, मांडता यायचा नाही." हे घाईघाईनं म्हणाले, "कचरा नाही, कचरा नाही!" "मग इथे कशाला आलात? समुद्रातून आलंय तर बंदर कार्यालयात जा."

बंदर कार्यालयातला कारकून एकदम सभ्य माणूस. इतका सभ्य, की त्याच्याशी भांडायलाही जागा नाही. त्यानं फॉर्म दिला. सातव्या रकान्यात लिहिलेलं, "वस्तूचा उगम". जावईबापूंनी तो रिकामा सोडला.

"रिकामा चालत नाही," कारकून म्हणाला.

"समुद्र लिहू?"

"समुद्र हा मार्ग झाला. उगम सांगा."

काय बोललाय बघ! असा माणूस खिडकीमागे वाया जातोय. जावईबापूंनी छाती भरून श्वास घेतला आणि लिहिलं, "अज्ञात जहाज".

कारकुनाचं पेन थांबलं. "जहाज बुडालंय?"

"हो. म्हणजे, असावं."

"आमच्या हद्दीत जहाज बुडालं आणि कळवलं नाही?"

"अहो, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता!"

"मग तसा वेगळा अर्ज जोडा."

जोडला की रे देवा! "जहाज बुडाले तेव्हा माझा जन्म झालेला नसल्याने वेळेत कळवू शकलो नाही, तरी क्षमस्व." खाली सही, तारीख. त्यावर शिक्का बसला आणि बुडीत जहाजाची फाइल उघडली गेली. फाइल उघडली की सरकार मोजायला येणारच. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी कारकून वाचनालयात आला आणि काचेच्या झाकणाच्या टेबलातले तुकडे त्यानं एकेक करून मोजले. "बुडीत माल, काच, तपकिरी, नग त्रेपन्न. पैकी खाचा असलेले, सतरा." झाकणावर कागदी पट्टी चिकटवली, त्यावर सही केली आणि सांगितलं, "मालकाचा निकाल लागेपर्यंत एकही नग हलवायचा नाही. उद्या उद्घाटनाला मी येईन. हक्क सांगणारा कुणी आहे का, हे जाहीर विचारावं लागतं. नियम आहे."

जावईबापूंना तर हर्षवायूच व्हायचा राहिला. त्यांच्या प्रदर्शनाला सरकार येणार!

आता ती सकाळ. जरा जवळ सरक, हे हळू सांगायचंय.

रिबन कापायला कात्री हवी होती. आजींनी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "यांच्या जुन्या अवजारांच्या पेटीत बघा, कपाटाखाली." जावईबापूंनी पेटी ओढली. वर कात्री होतीच. तिच्याखाली एक तिकोनी कानस, लोखंड घासतात ती. तिच्या शेजारी टर्पेंटाइनची बाटली. आणि त्याच्याही खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, एक अख्खी तपकिरी बाटली.

तिच्यावर, एकाखाली एक, तीन खाचा.

जावईबापू उकिडवे बसलेले होते, ते खालीच बसले.

"बघितलीत ना?" आजी मागे येऊन उभ्या होत्या, पदराला हात पुसत. "ठेवा परत."

"आई, ही..."

"तुमचं जहाज."

आजी दार लोटून स्टुलावर बसल्या आणि एकदाचं सांगून टाकलं. आजोबांचं एक टॉनिक होतं. डॉक्टरांचं नव्हे, यांचं स्वतःचं. थंडीच्या तोंडावर पातेलंभर उकळायचे आणि बिल्डिंगमध्ये घरटी एक बाटली, हौसेनं, दरवर्षी. बाकीचे कंपाउंडर डोस कळावा म्हणून बाटलीला कागदाची पट्टी लावायचे. ती ओली होऊन गळून पडते म्हणून हे कानशीनं खाचा पाडायचे. पहिल्या खाचेपर्यंत पहिला दिवस, दुसरीपर्यंत दुसरा, तिसरीपर्यंत तिसरा. असं चाललं पंचवीस वर्षं. दवाखाना बंद झाला तेव्हा थांबलं.

"चव कशी होती?" जावईबापूंनी विचारलं. आता विचारून उपयोग नव्हता, पण विचारलं.

"गंजके खिळे आणि पायमोजे एकत्र उकळले तर कशी लागेल?" आजी म्हणाल्या. "तशी. पण जरा जास्त. आणि हे चौथ्या दिवशी दारात उभे, कसं वाटतंय? लोक म्हणायचे, एकदम तरतरीत! काय करणार? केरात टाकावी तर यांना दिसेल. मग मागची गॅलरी. भरती बघून."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"आई... तुम्हीसुद्धा?"

आजींची मान ताठ झाली. "पहिली बाटली मीच टाकली. लग्नाची बायको आहे मी, पहिला मान माझाच!" मग आवाज खाली आला. "हे अजून सांगत असतात ना, पंचवीस वर्षांत एकही बाटली परत आली नाही, लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवल्यात. तेवढ्यावर जगतोय हो तो माणूस. तुम्ही मात्र तोंड उघडू नका."

आता बघ, किती घट्ट गाठ बसली ती. त्या सतरा तुकड्यांच्या शेजारी जावईबापूंच्या सुबक अक्षरात पाटी, "तीन खाचांचं अज्ञात जहाज". ती वाचणार कोण? ज्यानं खाचा पाडल्या तो. जहाज म्हणावं तर सासऱ्यापुढे आयुष्यभराचे मूर्ख. खरं सांगावं तर म्हातारा चारचौघांत उभ्या उभ्या खचेल. आणि तुकडे गुपचूप काढावेत, तर वर सरकारची सही! त्यांनी ताप आणायचा विचार केला. जिन्यावरून पडायचाही केला, पण पहिला मजला, लागून लागून लागणार किती?

"अहो, रिबन कुठाय?" बाहेरून बायको ओरडली.

उद्घाटनाला अख्खी बिल्डिंग हजर. न येऊन चालतंय का? न येणाऱ्यावर संशय! सगळे निकालाच्या दिवशी शाळेत उभे असतात तसे भिंतीला चिकटून उभे. काकूंनी "दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा चहा : अतिफिकट" ही पाटी वाचली, आणि त्या चक्क गप्प बसल्या. यावरून ओळख परिस्थिती.

आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. रिबन कापली. टाळ्या झाल्या, जरा घाबरलेल्याच. कारकुनानं पट्टी सोडवली, झाकण उघडलं आणि म्हणाला, "उद्घाटकांना एक नग हाताळायची मुभा आहे. माझ्या देखरेखीखाली."

आजोबांनी आधी पाटी वाचली, मोठ्यानं. "या खाचा इतक्या नेमक्या आहेत की मानवी हाताने त्या पाडणे अशक्य आहे." त्यांनी चष्मा वर केला. "कुणी लिहिलंय हे?"

"मी, बाबा."

"अशक्य काय त्यात? तिकोनी कानस घ्यायची, टर्पेंटाइनमध्ये बुडवायची, आणि मनगट न हलवता..."

आणि ते थांबले.

त्यांचा अंगठा त्या तुकड्यावरून फिरला. पहिली खाच, दुसरी खाच, तिसरी. मग त्यांनी टेबलात पाहिलं. सतरा. मग सावकाश वळून आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. काकू पंख्याची पाती मोजत होत्या. हेडमास्तर बुटाची नाडी बांधत होते, आणि त्यांच्या पायात चपला होत्या. माझ्या आईनं माझा हात इतका दाबला की अजून निळा आहे, हा बघ. आजी कापलेली रिबन नीट करत होत्या.

तेवढ्यात कारकुनानं कागद उघडून खड्या आवाजात वाचलं, "सदर बुडीत मालावर हक्क सांगणारा मालक येथे उपस्थित असल्यास त्याने पुढे यावे!"

आणि आजोबांनी हात वर केला.

"मालकाला काय मिळतं हो?"

"माल परत मिळतो," कारकून म्हणाला. "पण माल बुडालेला नसून मुद्दाम टाकलेला निघाला, तर टाकणाऱ्यांवर कारवाई. नगागणिक."

भिंतीशी कुणीतरी हुंदका दिला. हेडमास्तर असावेत.

आजोबांनी हात खाली घेतला आणि ते जावईबापूंकडे वळले. "जावईबापू, तुम्ही अभ्यास केलाय. तुम्ही सांगा. हे आलं कुठून?"

सहा वर्षं हा माणूस ज्या प्रश्नाची वाट बघत होता, तो असा आला बघ. बाबांनी चारचौघांत, जावई म्हणून हाक मारून, त्यांचं मत विचारलं. आणि खरं उत्तर जिभेच्या टोकावर! सांगितलं असतं तर शोध पुरा, सगळी बिल्डिंग गारद, हिरव्या बाटलीच्या पिशवीचासुद्धा सूड. त्यांनी आजींकडे पाहिलं. मग बाबांच्या अंगठ्याकडे, तो अजून तिसऱ्या खाचेतच होता.

"जहाजातून, बाबा," जावईबापू म्हणाले.

"जहाजातून?"

"मोठं होतं. औषध घेऊन चाललं होतं. इथल्याच लोकांसाठी. पण वादळ आलं."

"किती मोठं वादळ?"

"फार मोठं, बाबा. कुणाचा इलाज चालला नाही."

"आणि औषध?"

"पोचलंच नाही कुणापर्यंत. पोचलं असतं तर गुण आला असता लोकांना." जावईबापूंनी पाटीकडे बोट केलं. "आणि ते मशीनचं मी चुकीचं लिहिलं. हातच आहे तो. असा हात आता राहिला नाही."

आजोबांनी तुकडा जपून जागेवर ठेवला आणि कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या. जहाज बुडालं. मालक बेपत्ता." कारकुनानं लिहिलं, खाली शिक्का मारला. मग आजोबांनी जावईबापूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाले, "हे माझे जावई. चष्म्याच्या दुकानात असतात. काचेतलं यांना जेवढं कळतं, तेवढं दुसऱ्या कुणाला कळत नाही."

माझे! ऐकलंस ना? जावईबापूंनी चष्मा काढून पुसला. त्यांना चष्मा नाहीये गं, दुकानातला नमुना घालून आले होते छाप पडावी म्हणून. तोच पुसत बसले.

इथे गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं.

"एक मात्र चुकलात," आजोबा म्हणाले. "असा हात राहिला नाही म्हणालात. राहिलाय." आणि आमच्याकडे तोंड करून, चेहऱ्यावर एक सुरकुती न हलवता पुढे म्हणाले, "औषध पोचलं नाही याची मला फार चुटपुट लागलीय. जहाज बुडालं, त्यात लोकांचा काय दोष? यंदा जहाजाची भानगडच नको. यंदा मी करतो, आणि मीच घरोघर पोचवतो."

अगं, चार दिवस आमचा जिना गंजक्या खिळ्यांनी घमघमतोय! आज संध्याकाळी वाटप झालं. पहिली बाटली जावईबापूंना. "पहिला मान माझ्या जावयाचा," आजोबा म्हणाले. "रिकामी बाटली परत हवी हं." आणि पुढच्या खोलीत पेपर उघडून बसले. पेपर सरळ धरलेला, पण पान काही उलटत नव्हतं.

मी आत्ता तिथूनच येतेय. मागच्या गॅलरीत जावईबापू बाटलीचं बूच काढून उभे आहेत. खाली भरती, लाटा भिंतीला धडका देतायत, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. दुसऱ्या मजल्यावर काकू बाटली घेऊन उभ्या, तिसऱ्यावर हेडमास्तर, शेजारच्या गॅलरीत माझी आई. आजीसुद्धा स्वयंपाकघराच्या खिडकीत. सगळे टक लावून बघतायत जावईबापू काय करतात ते, म्हणजे आपल्यालाही तेच करता येईल. एका घोटात पितील, तर सगळ्यांना प्यावं लागणार. फेकतील, तर...

फेकतील कशी? त्यांनी बाटली उजेडात धरली, रंग बघायला, सवयच ती. तीन खाचा होत्याच. आणि खाली बुडाशी, टर्पेंटाइन लावून, मनगट न हलवता, यंदा आजोबांनी प्रत्येक बाटलीवर आणखी एक गोष्ट कोरलीय. ज्याच्या त्याच्या घराचा नंबर.

आतून आजोबा खाकरले, "जावईबापू, कसं वाटतंय?"

आता सांग. खरं सांग हं. तू काय केलं असतंस?